सात वर्षांच्या हातांना किती मैफिली?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. चौथ्या वर्षापासून पियानो शिकते. कानावर पडलेली चाल तिच्या हातात लगेच उतरते. गेल्या वर्षभरात तिचे पाच कार्यक्रम झाले आणि सगळीकडे कौतुक झालं. आता एका आयोजकांनी सहा महिन्यांत २४ कार्यक्रम करायचं सुचवलंय. तिच्या बाबांना वाटतं, हे वय एकदा सरलं की असं लक्ष पुन्हा मिळणार नाही. त्यासाठी वर्षभर शाळा थांबवावी का, इथवर बोलणं आलंय. माझं मन घेत नाही, पण माझ्यामुळे तिची संधी हुकली असंही व्हायला नको. परवा कार्यक्रम संपवून गाडीत बसलो, तर तिने आधी हेच विचारलं, "आई, मी चुकले ते कुणाला कळलं का गं?" काय करू? ती मोठी पियानोवादक होईल ना?
– एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी गाडीतल्या त्या प्रश्नापाशी थबकले. संगीत शिकणारी मुलं चुकांबद्दल बोलतातच. "तिथे माझं बोट घसरलं", "दुसऱ्या ओळीत मी घाई केली" असं मूल म्हणतं तेव्हा ते वाजवण्याबद्दल बोलत असतं. "कुणाला कळलं का" हा प्रश्न समोर बसलेल्या माणसांबद्दलचा आहे. एका वाक्यावरून मी काही निष्कर्ष काढणार नाही, दमलेलं कुठलंही मूल एखाद्या दिवशी असं विचारेल. पण पाच कार्यक्रमांत हा प्रश्न आला असेल, तर चोवीस कार्यक्रमांना होकार द्यायला तुमचं मन कचरतंय ते योग्यच आहे.

माझं उत्तर आधी सांगते, कारणं मग. या चोवीस कार्यक्रमांना नाही म्हणा. सगळेच कार्यक्रम बंद मात्र करू नका. तिला वाजवायला आवडतं, आणि चार लोकांसमोर वाजवायची सवय लहानपणीच झालेली बरी.

आता तिच्या बाबांची भीती. ती खोटी नाही आणि ती त्यांच्या प्रेमातूनच आली आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. जोसेफ हॉफमन या पोलिश मुलाची गोष्ट त्यांना जरूर वाचून दाखवा. २९ नोव्हेंबर १८८७ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्याने वाजवलं, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. शहर वेडं झालं. मैफिलींमागून मैफिली लागल्या, सुमारे पन्नास झाल्या. मुलाची तब्येत ढासळतेय म्हणून मुलांवरचा अन्याय रोखणाऱ्या संस्थेने हरकत घेतली. इकडे करार मोडता येत नव्हता. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क नावाच्या एका धनिकाने त्याच्या घरच्यांना ५० हजार डॉलर दिले. अट एकच होती, मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत लोकांसमोर वाजवणार नाही.

तुमच्या घरात आज जो प्रश्न आहे, तोच तेव्हा त्या घरातही असणार. एवढी प्रसिद्धी ऐन भरात असताना थांबायचं? सहा वर्षांनी याला कोण ओळखणार? हॉफमन थांबला. युरोपात परत जाऊन शिकत राहिला. १८९२ पासून आंतोन रुबिनस्टाइनसारख्या थोर वादकाने त्याला शिष्य केलं. ड्रेस्डेनमधल्या एका हॉटेलात दोन वर्षांत मोजून ४२ धडे झाले. १८९४ मध्ये हॅम्बुर्गला तो पुन्हा मंचावर आला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन करत होते खुद्द रुबिनस्टाइन. पुढे रखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, या हॉफमनला अर्पण केला. मधली सहा वर्षं लोकांनी त्याला ऐकलं नव्हतं, म्हणून त्याचं काही अडलं नाही. मी तर म्हणेन, त्या वर्षांत मैफिली चालूच राहिल्या असत्या, तर ४२ धड्यांसाठी लागणारं शांत मन त्याला मिळालंच नसतं.

बाबांच्या म्हणण्यातला एक भाग मात्र खरा आहे. सातव्या वर्षी मिळणारं हे विशिष्ट लक्ष पुढे मिळत नाही. का, ते बघा. सात वर्षांचं मूल वाजवतं तेव्हा लोक निम्मं त्याचं वय ऐकत असतात. १७६५ मध्ये लंडनला मोझार्ट भावंडांच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत, वाद्याच्या पट्ट्यांवर रुमाल टाकून, पट्ट्या न बघता मुलं वाजवतील, असं लिहिलेलं होतं. नऊ वर्षांचा मोझार्ट तेव्हाही विलक्षणच होता, पण त्या रुमालाचा संगीताशी काय संबंध? तो नवलाचा खेळ होता. नवलाला मुदत असते. सतराव्या वर्षी तीच रचना वाजवली, की कुणी वय विचारत नाही, रचना कशी झाली ते विचारतात. म्हणजे जे लक्ष सरणारच आहे, ते साठवून ठेवण्यासाठी आपण मुलीची शिकायची वर्षं खर्च करायला निघालोय.

आणि खर्च होतोच. मोझार्टचा तो युरोपचा दौरा जून १७६३ ते नोव्हेंबर १७६६ असा साडेतीन वर्षं चालला. १७६५ मध्ये द हेग इथे बहीण नानर्ल इतकी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली होती, तिच्यापाठोपाठ धाकटा वुल्फगांग, म्हणजे आपला मोझार्ट, अंथरुणाला खिळला. नानर्लचं नाव मी मुद्दाम घेते. तीही भावाइतक्याच मंचांवर वाजवत होती. लग्नाचं वय झालं तेव्हा दौरे भावापुरते उरले आणि ती घरी राहिली. मुलीची आई म्हणून तुम्ही हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. लहानपणी मिळालेल्या टाळ्या पुढच्या आयुष्याची हमी देत नाहीत. ती हमी शिक्षणातून आणि मुलीच्या स्वतःच्या निर्णयातून यावी लागते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त घाबरवतेय असं वाटेल. रशियन पियानोवादक येव्गेनी किसिन बाराव्या वर्षी, १९८४ मध्ये, मॉस्कोत शोपँ या संगीतकाराचे दोन्ही कॉन्चेर्टो एकाच संध्याकाळी वाजवून गेला आणि त्यानंतर आजवर वाजवतोच आहे. लवकर सुरुवात झाली म्हणजे वाटोळं झालं, असं मुळीच नाही. पण सहाव्या वर्षी तो अ‍ॅना कांटोर यांच्याकडे शिकायला लागला आणि वाद्यवृंदासोबत पहिल्यांदा बसला दहाव्या वर्षी. मधली चार वर्षं तो शिकत होता. शिक्षिका शेवटपर्यंत त्याच एक. तुमच्या मुलीची मधली चार वर्षं आता सुरू झाली आहेत.

या वर्षांत काय शिकायचं असतं? तुम्ही लिहिलंय की चाल ऐकताच तिच्या हातात येते. हे मोठं देणं आहे आणि त्याचीच एक अडचणही आहे. ज्यांचा कान असा तयार असतो, त्या मुलांचं स्वरलिपी वाचणं मागे पडतं. कागदाकडे बघायची गरजच वाटत नाही. दोन-तीन वर्षं खपून जातं, आणि मग बाख या संगीतकाराची दोन-तीन आवाजांची, म्हणजे दोन-तीन चाली एकाच वेळी चालणारी, रचना समोर आली की मूल अडतं, चिडतं, "मला येतच नाही" म्हणतं. तिच्या शिक्षकांना एवढंच विचारा : न ऐकलेली, सोपी रचना कागदावरून ती कितपत वाजवते? उत्तर देताना ते घुटमळले, तर पुढचं वर्ष कशासाठी वापरायचं ते तुम्हाला कळलंच.

दुसरी गोष्ट हातांची. पियानोवर एका 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंतचं अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतं. सात वर्षांच्या पंजाला ते पेलत नाही आणि पेलायची घाईही नको. मोठ्यांसाठी लिहिलेल्या रचना मुलांना वाजवायला लावल्या की हात ताणले जातात, मनगट कडक होतं. मोठेपणीही हॉफमनचे हात लहानच होते, स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. तुमच्या मुलीला प्रत्येक सभागृहात जो असेल तोच पियानो मिळणार. व्हायोलिनवाला आपलं वाद्य बरोबर नेतो, पियानोवाल्याची ती सोय नाही. कुठे पट्ट्या जड, कुठे पेडल सैल. मोठा वादकसुद्धा नव्या पियानोशी जुळवून घ्यायला वेळ मागतो.

आता हे चोवीस कार्यक्रम आठवड्यांत मांडून बघा. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. जवळजवळ दर आठवड्याला एक कार्यक्रम. एक दिवस प्रवासाचा, एक तिथल्या पियानोवर हात बसवण्याचा आणि वाजवण्याचा, एक परतीचा आणि दमण्याचा. उरलेल्या चार दिवसांत शाळा, झोप, खेळ आणि त्याच चार रचना घासून चकचकीत ठेवणं. नवीन रचना शिकायला दिवस कुठला उरला? सहा महिन्यांनी तिला तेवढंच येत असेल जेवढं आज येतं, फक्त त्याचा कंटाळा आलेला असेल.

मग कार्यक्रम किती आणि कसे? माझ्या मते वर्षाला तीन किंवा चार. क्लारा वीक या जर्मन पियानोवादिकेचं उदाहरण मला इथे फार आवडतं. २० ऑक्टोबर १८२८ ला लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, नऊ वर्षांची. पण मैफल तिची नव्हतीच. दुसऱ्या एका पियानोवादिकेच्या मैफिलीत, एकाच पियानोवर दोघींनी मिळून वाजवायची एक रचना, एवढाच तिचा वाटा. स्वतःची मैफल झाली ती दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८३० मध्ये. लहान मुलीसाठी याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. शेजारी मोठं माणूस बसलंय, ताल सुटला तर ते सावरून घेईल, टाळ्याही दोघींच्या. पुढच्या कार्यक्रमात तिला शिक्षकांबरोबर असं चार हातांनी वाजवू द्या.

एकटीने वाजवायचं असेल, तेव्हा दहा-बारा मिनिटं पुरेत. रचना ती असावी जी दोन महिन्यांपूर्वीच बसलेली आहे. सध्या जी शिकतेय ती मंचावर नको. बाकाची उंची तिच्या कोपरांनुसार, आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली चौरंगासारखं काहीतरी हवंच, अधांतरी पायांनी पाठ आणि खांदे आखडतात. निदान अर्धा तास आधी तो पियानो तिला एकटीला मिळायला हवा. हे आयोजकांना आधीच कळवा. जे आयोजक एवढं करायला कुरकुरतात, त्यांच्याकडे जायचंच नाही.

आणि हो, रचना तिच्या वयाच्या असू द्या. याच क्लाराने पुढे संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न केलं. १८४८ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसासाठी शूमानने छोट्या छोट्या रचना लिहायला घेतल्या, त्यांचा पुढे ४३ रचनांचा संग्रह झाला. क्लाराच्या लेकीला सातव्या वर्षी भेट मिळाली ती अशी.

पैशांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगते. जे मानधन मिळेल ते पहिल्या दिवसापासून मुलीच्या नावावर, घरखर्चाला त्यातलं काही नाही. क्लाराला लग्नासाठी वडिलांविरुद्ध कोर्टात जावं लागलं, आणि तिने लहानपणापासून मिळवलेल्या पैशांचा वादही त्यात निघाला. पैसा घरात येऊ लागला की "यंदा दोन कार्यक्रम कमी करूया" हे वाक्य तोंडातून निघणं अवघड होतं.

शाळा थांबवू नका. सातव्या वर्षी ज्या मुलीला पियानो सोडून दुसरं जगच नाही, तिचा एखादा कार्यक्रम बिघडला तर तिच्याजवळ काही उरत नाही. यावर मला जास्त लिहावंसं वाटत नाही, इतकं ते मला स्पष्ट दिसतं.

माझ्याकडे एकदा सतरा वर्षांचा मुलगा आला होता. हातात प्रशस्तिपत्रांची जाडजूड फाइल, आठव्या वर्षापासूनची. त्याला मी विचारलं, "शेवटचं फक्त स्वतःसाठी काय वाजवलंस?" तो फाइलच्या कडेवरून बोटं फिरवत राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "स्वतःसाठी म्हणजे?" त्या मुलाचं वाजवणं उत्तम होतं. पण पुढे हेच करायचं का, हे ठरवायला त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं, तोवरचं सगळं इतरांनी ठरवलेलं होतं. रूथ स्लेन्चिन्स्का ही अमेरिकन मुलगी चौथ्या वर्षी मंचावर आली, वडील रोज नऊ-नऊ तास बसवायचे, मारायचेही. पंधराव्या वर्षी तिने मंच सोडला. परत आली ती काही वर्षांनी, स्वतःच्या मर्जीने, आणि २०२२ मध्ये, ९७ वर्षांची असताना, तिची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तुमच्या मुलीच्या बाबांना मी त्या वडिलांच्या रांगेत मुळीच बसवत नाही, ते तुमच्याशी बोलतायत. मला सांगायचंय ते एवढंच, की पुढचं सगळं वाजवणं तिच्या मर्जीवर उभं राहणार आहे आणि ती मर्जी आत्ता घडतेय.

ती मोठी पियानोवादक होईल का, हे सात वर्षांच्या मुलाबद्दल मला सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तेरा-चौदाव्या वर्षी जवळपास प्रत्येक गुणी मूल एकदा थांबून विचारतं, की हे मी कशासाठी करतेय? तेव्हा तिच्याकडे वाचता येणारी लिपी, न दुखणारे हात आणि आवडत्या पाच-पन्नास रचना असतील, तर उत्तर ती शोधेल. मंचावरची वादक, शिक्षिका, गायकांची साथीदार, संगीतकार, काहीही. किंवा डॉक्टर होऊन रोज रात्री अर्धा तास वाजवणारी बाई, तीही मला तितकीच चालेल.

गाडीतल्या प्रश्नाचं काय, तर पुन्हा विचारलं तर "नाही गं, कुणालाच कळलं नाही" असं म्हणू नका, त्याने चूक लपवायची गोष्ट ठरते. "मला एका ठिकाणी कळलं, आणि तू पुढे वाजवत राहिलीस तेही कळलं," असं म्हणा, आणि मग तिला कुठली जागा वाजवताना मजा आली ते विचारा.

आयोजकांना नकार तुम्ही दोघांनी मिळून कळवा, पण ती शाळेत असताना. फोनवरचं अर्धं बोलणं ऐकून आपलं काहीतरी चुकलं म्हणून कार्यक्रम गेले, असं मुलं धरून बसतात. तिला संध्याकाळी सांगा, की यंदा आपण तीनच कार्यक्रम करतोय, आणि पहिल्यात सरांबरोबर एकाच बाकावर बसून काय वाजवायचं ते तिने निवडायचं आहे.