टेन्शन की मेंदूतलं केमिकल? (भावाच्या डिप्रेशनबद्दल विचारणाऱ्या ताईंना)

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाची नोकरी गेली, चार महिन्यांनी डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. डॉक्टर म्हणतात मेंदूतल्या रसायनांचा प्रश्न आहे. वडील म्हणतात टेन्शन आहे, नोकरी लागली की उतरेल. खरं कोणाचं?

मी डॉक्टर नाही. दोनदा या आजारातून गेलोय आणि तेव्हापासून यावर जमेल तेवढं वाचत आलोय. माझ्या मते दोघंही एकाच दोरीची दोन टोकं धरून ओढतायत.

संकट दिसलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना कळवते आणि त्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन सोडतात. मग तेच कॉर्टिसोल मेंदूत पोचून सांगतं, 'पुरे आता'. कुत्रा मागे लागला तर ही व्यवस्था उत्तम. पण घराचे हप्ते आणि नातेवाइकांची बोलणी महिनोन्महिने पाठ सोडत नाहीत. 'पुरे'चा निरोप ऐकणाऱ्या भागांत हिप्पोकॅम्पस महत्त्वाचा, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दीर्घ ताणाने नेमक्या तिथल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या. म्हणजे ब्रेकच झिजतो. डिप्रेशनच्या रुग्णांत हा भाग सरासरीने थोडा लहान आढळतो, अनेकांचं कॉर्टिसोलही चढं असतं. सगळ्यांचं नाही, म्हणून रक्त तपासून हे निदान होत नाही.

आता 'केमिकल'. यात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ही मुळी जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले, आणि पुढे कळलं की रिसर्पिन मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांचे साठे रिकामे करतं. त्याच काळात अमेरिकेत क्षयरोगावर दिलेल्या इप्रोनायझिडने खंगलेले रुग्ण चक्क उत्साही झाले, आणि ते औषध ही रसायनं टिकवून धरणारं निघालं. या दोन योगायोगांवर 'रसायन कमी पडलं' ही कल्पना उभी आहे.

ती अर्धवटच म्हणायची. नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांत परिणाम करतात, पण मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मधल्या काळात पेशींमधले जोड हळूहळू बदलत असावेत, असं आज बरेच संशोधक मानतात. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यातही 'सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन' याला ठोस पुरावा सापडला नाही. त्यावरून गोळ्या फोल ठरवणाऱ्यांचे फॉरवर्ड फिरतात. बाम लावून डोकं दुखायचं थांबतं, म्हणून अंगात बाम कमी पडला होता असं कोणी म्हणतं का?

वडिलांचं म्हणणं मी स्वतःवर तपासलंय. पहिल्या वेळी कारण ढळढळीत होतं: बदली आणि आईचं आजारपण. सहा वर्षांनी दुसऱ्यांदा आलं तेव्हा सगळं सुरळीत होतं, प्रमोशनसुद्धा. पहिल्या खेपेला मोठा धक्का लागतो, पुढच्यांना कमी पुरतो, हे निरीक्षण जुनं आहे. म्हणून नोकरी लागली तरी उपचार पुरे करा. अनुवंशाचाही वाटा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांत सुमारे ३५ ते ४० टक्के. माझी आत्या 'अबोल स्वभावाची' म्हणून ओळखली जायची. आता शंका येते.

थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. गोळ्या सुरू केल्यावर मळमळ, अस्वस्थता आधी येते, फायदा मागून. गोळ्या मनाने बंद करू नका. याच दिवसांत तो जास्त बेचैन झाला किंवा मरणाचं बोलू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी वडिलांना सोबत न्या. माझ्या वडिलांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मी बीपीची घेतो, तशीच का ही?" डॉक्टर म्हणाले, बरीचशी तशीच. त्या रात्रीपासून आमच्या दोघांच्या गोळ्या एकाच डबीत आल्या.