पावणेदोन लाखांचा पहिला गेमिंग पीसी हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक 25 वर्षांचे, मूळचे कोल्हापूरचे, नोकरी पुण्यात, दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. हातात पगार 46,000 रुपये. पहिला गेमिंग पीसी घ्यायचा आहे. दुकानदाराने दिलेलं कोटेशन मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून 1,76,000 रुपयांचं आहे आणि ते बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. त्यासाठी वर्षभर 4,000 रुपयांची एसआयपी थांबवायची आणि घरी पाठवायचे 8,000 रुपये निम्मे करायचे. बँकेत साठलेल्या 1,40,000 रुपयांना हात लावायचा नाही. ते लिहितात, “शाळेत असल्यापासून दुसऱ्यांच्या मशीनवर खेळत आलोय. आता स्वतःच्या कमाईतून स्वतःचा पीसी हवाय. यात काही चुकतंय का?”

हवाय यात काहीच चुकत नाही. कमावत्या माणसाने आवडीच्या वस्तूवर खर्च करावा, आणि पाच वर्षं रोज संध्याकाळी वापरला जाणारा पीसी ही उधळपट्टी नक्कीच नव्हे. तेव्हा पीसी घ्याच. पण हे कोटेशन आणि हा हप्ता दोन्ही बदला.

तुम्ही खर्चाचा तपशील नीट दिलाय, म्हणून हिशोब सोपा झाला. भाडं 9,000, जेवणखाण 7,000, घरी 8,000, शैक्षणिक कर्जाचा हप्ता 6,200, एसआयपी 4,000, प्रवास-मोबाइल-किरकोळ 5,000. एकूण 39,200, म्हणजे महिन्याला 6,800 रुपये उरतात. पीसीचा हप्ता येतो 14,667. एसआयपीचे 4,000 आणि घरचे 4,000 मिळवले तरी तुमच्याकडे होतात 14,800. सलग बारा महिने तुमच्या हातात 133 रुपये उरणार. त्या वर्षात दिवाळी येईल, मित्रांची लग्नं येतील, एखादा दात दुखेल. तेव्हा पैसे क्रेडिट कार्डातूनच जातील आणि बिल पूर्ण भरता आलं नाही, तर त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज लागेल. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हप्त्यांचे गोंधळ बहुतेक वेळा असेच होतात. हप्ता वेळेवर जातो, बाकीचं सगळं कार्डावर साठत जातं.

नो कॉस्टबद्दलही स्पष्ट सांगतो. बँक व्याज घेतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी किमतीत दाखवते, म्हणून बेरीज जुळते. 16 टक्के दर धरला तर तुमच्या हप्त्यांमध्ये साधारण 14,300 रुपये व्याज आहे आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 2,600 रुपये, तुमच्याच खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यूपीआयने किंवा बँक ट्रान्सफरने एकरकमी पैसे देणाऱ्याला पार्ट्सचे दुकानदार सहसा वेगळा भाव लावतात. कोटेशनवरचा भाव कार्डाचा आहे की ट्रान्सफरचा, हे एकदा विचारा. फरक किती, हे दुकानदार स्वतःच सांगेल.

इकडे तुमचे 1,40,000 बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहेत. त्यांना हात लावायचा नाही हा निश्चय चांगला, पण तो सगळ्याच रकमेला लागू व्हायला हवा असंही नाही. नेमका आकडा काढू. एसआयपी वगळून तुमचा महिन्याचा न टळणारा खर्च 35,200 आहे. तीन महिन्यांचे 1,05,600 रुपये अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, त्यांना खरोखर हात लावू नका. उरलेले 34,400 पीसीसाठी मोकळे आहेत. त्यात दरमहा 6,800 रुपये आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर आठ महिन्यांत 88,800 आणि नऊ महिन्यांत 95,600 रुपये होतात. व्याज धरलेलंच नाही. एसआयपी चालू, घरचे पैसे चालू, कर्ज शून्य. मार्चमध्ये 25,000 बोनस मिळेल असं तुम्ही लिहिलंय. तो मिळाला तर साडेतीन महिने आधी पीसी येईल, पण खात्यात जमा होईपर्यंत तो हिशोबात धरू नका.

आता प्रश्न उरतो तो 90,000 ते 95,000 रुपयांच्या आसपास मनासारखा पीसी होतो का याचा. होतो. मात्र त्यासाठी सुरुवात मॉनिटरपासून करावी लागेल, आणि तुमच्या कोटेशनमध्ये तो सगळ्यात शेवटी आलाय.

तुम्ही निवडलाय 27 इंची क्यूएचडी, 180 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला 180 वेळा चित्र बदलणारा), 18,000 रुपयांचा. मॉनिटर सुंदर असणार यात शंका नाही. पण फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20.7 लाख पिक्सेल असतात, तर क्यूएचडीवर 2560 गुणिले 1440, म्हणजे 36.9 लाख. प्रत्येक फ्रेमला ग्राफिक्स कार्डाने पावणेदोन पटीहून जास्त पिक्सेल रंगवायचे. म्हणूनच दुकानदाराने तुम्हाला 46,000 रुपयांचं आरटीएक्स 5060 टीआय 16 जीबी सुचवलं. त्या मॉनिटरला ते योग्यच आहे, त्याने फसवलेलं नाही. पण मॉनिटर सात-आठ वर्षं टिकतो आणि कार्ड चार-पाच वर्षांत मागे पडतं. तेव्हा पुढचं कार्ड घेताना हाच मॉनिटर समोर असेल आणि पुन्हा वरच्याच पायरीचं कार्ड लागेल. क्यूएचडी मॉनिटरचं बिल दोन वेळा येतं आणि दुसरं बिल कोटेशनमध्ये छापलेलं नसतं. डीएलएसएस आणि एफएसआरमुळे, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करण्याच्या तंत्रामुळे, कार्डावरचा भार कमी होतो हे खरं, तरी ते तंत्र फुल एचडीवालाही वापरतोच.

माझ्या मते तुम्ही 24 इंची फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, 144 ते 180 हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा. साधारण 10,000 रुपयांत मिळतो. 24 इंचांवर फुल एचडी रेखीव दिसतं, 27 इंचांवर मात्र अक्षरं भरड वाटतात, म्हणून त्या आकारात फुल एचडी घेऊ नका. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, पण स्वस्त व्हीएमध्ये वेगाने हलणाऱ्या गडद दृश्यांत मागे धुरकट रेघा राहतात. तुम्ही व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2 हे वेगवान नेमबाजीचे गेम जास्त खेळता, तुम्हाला ते खटकेल. ॲडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे कार्डाच्या वेगाशी पडद्याचा वेग जुळवणारी सोय, असल्याची खात्री करा. उद्या पगार वाढला आणि क्यूएचडी घेतला, तर हा मॉनिटर वर्क फ्रॉम होमच्या दिवशी शेजारी दुसरा पडदा म्हणून लागेल. यातले पैसे वाया जाण्याची शक्यता फार कमी आहे.

फुल एचडी ठरलं की बाकीची यादी आपोआप खाली येते. 28,000 रुपयांच्या आठ-कोअर प्रोसेसरऐवजी रायझन 5 5600 किंवा इंटेल आय5-12400एफ, साधारण 12,000. ही दोन्ही 2022ची आहेत, सहा-कोअर आहेत आणि या वर्गातल्या कार्डाला पुरतात. त्यांना चांगला हवेचा कूलर पुरे, 8,000 रुपयांच्या लिक्विड कूलरची गरज नाही. दुकानदार म्हणेल की एएमडीचा एएम5 सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची नवी खाच असलेला बोर्ड घ्या, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. ते खरं आहे. 2027 पर्यंत आणि त्यापुढेही या सॉकेटला साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. पण पुढच्या सोयीसाठी आजच जास्त पैसे मोजायचे, तर ती सोय खरंच वापरली जाईल का हे बघावं लागतं. पाच वर्षांनी बहुतेक लोक मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर एकदमच बदलतात.

रॅमचं वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या कोटेशनमध्ये 32 जीबी डीडीआर5 रॅमलाच 30,000 लावलेत आणि तुम्हाला तो आकडा चुकीचा वाटलाय. चुकीचा नाही. 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025मध्ये क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात 32 जीबी घेण्याची ही वेळ नव्हे. 8 जीबीच्या दोन पट्ट्या, आधीच्या पिढीच्या डीडीआर4, बस्स. चार स्लॉटचा बोर्ड घ्या, भाव उतरले की आणखी दोन बसवा.

“पण मग भाव अजून वाढले तर?” वाढू शकतात. थांबण्याची ती किंमत आहे आणि मी ती नाकारत नाही. 16 जीबी रॅम आणखी तीन-चार हजारांनी महागली तर तुम्हाला अजून पंधरा-वीस दिवस थांबावं लागेल. घरचे पैसे वर्षभर निम्मे करण्यापेक्षा ते सोसवेल. एक मात्र करू नका: दर महिन्याला एकेक पार्ट घेऊन कपाटात ठेवणं. प्रत्येक पार्टची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते आणि बिघडलेला निघाला तर बदलून देण्याची मुदत काही दिवसांचीच असते. आठ महिन्यांनी जोडल्यावर बोर्ड मेलेला आहे हे कळून उपयोग नाही. पैसे साठवा, पार्ट एका दिवसात घ्या.

ग्राफिक्स कार्डात दोन वाटा आहेत. आरटीएक्स 5060 8 जीबी, साधारण 29,000 रुपये. किंवा आरएक्स 9060 एक्सटी 16 जीबी, 37,000 च्या आसपास. पहिल्याने यादी 89,000 पर्यंत बसते, दुसऱ्याने 97,000 पर्यंत. मी दुसऱ्यासाठी एक महिना जास्त थांबेन. नव्या मोठ्या गेम्सना 8 जीबी मेमरी फुल एचडीवरही अपुरी पडायला लागली आहे आणि कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही. तुम्ही फक्त व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणार असता तर मी पहिलंसुद्धा सुचवलं नसतं.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर नको. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा घेऊ नका. नामांकित कंपनीचा 550 वॉटचा, 80 प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र), पाच वर्षं वॉरंटीचा साधारण 5,000 रुपयांत येतो आणि तो बिघडला तर बाकीचे 85,000 घेऊन जाऊ शकतो. रंगीत दिव्यांचं 7,000 रुपयांचं कॅबिनेट मात्र सोडा, हवा खेळती राहील असं जाळीचं 4,000 रुपयांचं बघा. 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी साधारण 8,000, बोर्ड 9,000, रॅम 10,000, कीबोर्ड-माउस 2,000. हे भाव माझा आजचा अंदाज आहेत, दोन दुकानांत ताडून बघा. यूपीएस यात धरलेला नाही. फ्लॅटमध्ये वीज वारंवार जात असेल तर 1000 व्हीएचा लागेल.

विजेचंही मनात ठेवा. खेळताना सगळं मिळून 300 वॉट धरले आणि रोज तीन तास, तर महिन्याला 27 युनिट. तिघांत बिल वाटता ना? पीसी यायच्या आधीच मित्रांशी बोलून घ्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की जीटीए 6 हा गेम येण्याआधी पीसी तयार हवा. मला वाटतं घाईचं खरं कारण हेच आहे. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने 19 नोव्हेंबर 2026 ही तारीख जाहीर केली ती पीएस5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस या कन्सोलसाठी. त्यात पीसीचा उल्लेखच नव्हता. जीटीए 5 कन्सोलवर सप्टेंबर 2013मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल 2015मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन 2 ऑक्टोबर 2018मध्ये कन्सोलवर, पीसीवर नोव्हेंबर 2019मध्ये. जो गेम पीसीवर कधी येईल हेच ठरलेलं नाही, त्यासाठी आज हप्ता सुरू करण्यात अर्थ नाही.

घरच्या पैशांबद्दल तुम्ही म्हणता, “आई-बाबा नाही म्हणणार नाहीत.” नाहीच म्हणणार. म्हणूनच त्यांना विचारायची वेळ येऊ देऊ नका, असं मला मनापासून वाटतं. त्या 8,000 मध्ये त्यांचं काय काय बसवलेलं आहे, हे ते तुम्हाला सांगणार नाहीत.

खरेदीच्या दिवशी जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. वॉरंटी भारतातली आहे ना, हे कार्ड आणि एसएमपीएससाठी आवर्जून विचारा. परदेशातून परस्पर आलेला माल दोन-तीन हजारांनी स्वस्त असतो, पण त्याची वॉरंटीतली दुरुस्ती इथे सहसा कोणी करत नाही. पीसी दुकानातच जोडून, विंडोज चालू करून, एखादा गेम अर्धा तास चालवून बघा. घरी आल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेटही बदला, कारण बऱ्याचदा तो 60 हर्ट्झवरच राहतो.