‘ए’ विहीर की ‘द’ विहीर?

प्रश्न असा आहे: “मराठी माध्यमात शिकलो. नागपूरला खासगी कंपनीत आहे. इंग्रजी ई-मेल लिहिताना ए, ॲन, द कुठे लावायचं हे कधीच नक्की होत नाही. स्वर-व्यंजनाचा नियम पाठ आहे. सोपी युक्ती सांगा.”

स्वर-व्यंजनाचा नियम पाठ आहे, हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. शाळेत आर्टिकल म्हणून तेवढंच शिकवतात, रिकाम्या जागा भरून घेतात आणि पुढे जातात. तो नियम नुसता उच्चाराचा आहे. ॲन अवर, ए युनिव्हर्सिटी, ॲन एमएलए. तिथे चुकलात तर कानाला खटकेल, पण अर्थ तोच राहील. अर्थ फिरतो तो ‘ए’च्या जागी ‘द’ आणि ‘द’च्या जागी ‘ए’ आलं की. आमच्या घरानं त्यापायी दोन उन्हाळे काढले आहेत.

काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. 2008 मध्ये बाबांनी त्याला लागून असलेली दोन एकर जमीन नागपूरच्या एका व्यापाऱ्याला विकली. आमच्याकडे विहिरी दोन. एक आजोबांच्या काळातली, बांधाजवळची, आणि दुसरी बाबांनी खोदलेली, मे महिन्यातही पाणी असणारी. तोंडी ठरलं होतं की घेणारा स्वतःची सोय करेपर्यंत जुन्या विहिरीचं पाणी घेईल. करारनामा नागपूरच्या एका वकिलाच्या ऑफिसात इंग्रजीत टाइप झाला. त्यात चौथ्या कलमात होतं, ‘फ्रॉम ए वेल ऑन द व्हेंडर्स लँड’, म्हणजे विकणाऱ्याच्या जमिनीवरच्या एका विहिरीतून. मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वाचलं आणि म्हटलं, इथे ‘ए’ कसं? ठरलेली विहीर एकच आहे ना?

मोठ्या काकांचा मुलगा सोबत होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, म्हणून इंग्रजी कागद त्याच्याकडेच जायचे. तो म्हणाला, “तुले का समजते त्यातलं? ‘ए’ अन् ‘द’नं का फरक पडते?” बाबा म्हणाले, “वकिलानं लिहिलं, बराबर असन.” सह्या झाल्या.

एप्रिलमध्ये जुनी विहीर आटली. व्यापाऱ्यानं नव्या विहिरीवर मोटर बसवली आणि विचारायला गेलो तर कागद दाखवला. ‘ए वेल’ म्हणजे कोणतीही एक. तो खोटं बोलत नव्हता. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं तेव्हा लहान असतात, पाण्याचा ताण पडला की गळतात. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला मी पाहिला आहे. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. मग त्यानं बोअर मारली तेव्हा कुठे मिटलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते उमजत नाही, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. “डॉक्टर बोलाव” आणि “डॉक्टरांना बोलाव” यात फरक आहे की नाही? पहिल्यात जो मिळेल तो डॉक्टर. दुसऱ्यात आपले नेहमीचे, दोघांनाही माहीत असलेले. “त्यांनी मुलगी पाहिली” आणि “त्यांनी मुलीला पाहिलं” यांतही तेच. पहिलं वाक्य स्थळाचं आहे, दुसऱ्यात मुलगी आधीच ठाऊक आहे. ‘ए’ आणि ‘द’मधलं अंतर बरंचसं हेच. निर्जीव वस्तूला हा ‘ला’ सहसा लागत नाही, म्हणून तिथे आपण ‘ती विहीर’, ‘ते पत्र’ म्हणतो. इंग्रजी प्रत्येक वेळी बोलून दाखवतं, आपण गरज पडली तरच.

म्हणून ई-मेलमध्ये साहेबांनी मागितलेला रिपोर्ट पाठवताना ‘द रिपोर्ट’ लिहा. ‘ए रिपोर्ट’ लिहिलंत तर हा आणखी कोणता, असं त्यांना वाटेल. तुम्ही स्वतःहून काही पाठवत असाल तर ‘ए’. आणि सगळीकडे ‘द’ पेरू नका. ‘वॉटर इज लाइफ’ला काहीच लागत नाही, त्या विहिरीतलं पाणी म्हणायचं असेल तर ‘द वॉटर’. नद्यांना लागतं, द कन्हान, द पेंच. तलावाला नाही, अंबाझरी लेक, फुटाळा लेक. हे मात्र पाठच करावं लागतं.

संत्र्यावरून आठवलं. ऑरेंज हा शब्द मूळ आपलाच नारंग. फारसी-अरबीतून युरोपात गेला. स्पॅनिशमध्ये अजून ‘न’ शिल्लक आहे, पण इटालियन-फ्रेंचमध्ये तिथल्या आर्टिकलच्या शेवटच्या ‘न’मध्ये शब्दाचा ‘न’ मिसळून गेला आणि इंग्रजीत तो ‘न’शिवायच पोहोचला. आर्टिकलला किरकोळ समजणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

एक कबूल करायला हवं. त्या कागदावर नुसतं ‘द वेल’ लिहूनही भागलं नसतं. दोन विहिरी असताना कोणती ‘द’? ‘द’ तेव्हाच चालतं जेव्हा वाचणाऱ्यालाही एकच दिसते. ‘द ओल्ड वेल’, गट क्रमांक, दिशा, सगळं हवं होतं. पण मी तिथे बोट ठेवलं होतं, आणि तेव्हा कुणी पुढे विचारलं असतं तर हे सगळं तेव्हाच निघालं असतं.

तो चुलतभाऊ, आमचा दादा, अजूनही म्हणतो की दोष माणसाचा होता, शब्दाचा नव्हता. आणि मराठी मीडियमवाल्यांना हे कानानं कधी येत नाही, असंही त्याचंच म्हणणं. मी आज आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. माझी मुलं प्रत्येक नामापाशी थांबून मराठीत “कोणतं?” असं विचारतात आणि मग लिहितात. तुम्हीही महिनाभर तेवढं करा, ई-मेल पाठवायच्या आधी. आणि दादा, तू हे वाचत असशील तर त्या करारनाम्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. चौथं कलम, तिसरी ओळ.