नव्या गाडीवर गोलगोल ओरखडे

प्रश्न : नवी काळी गाडी ताब्यात घेतली. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात, दारावर एक लांब चराही आहे. रबिंग करून घ्यावे का?

उत्तर : लगेच नको. ही जाळी बहुधा गाडी देण्याआधी धुळकट फडक्याने पुसल्यामुळे पडते. ती रंगावर नसून वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये असते. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. पॉलिशिंग म्हणजे तोच थोडा घासून सपाट करणे. म्हणून ते वारंवार करता येत नाही.

आधी गाडी धुऊन चऱ्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकले तर चरा खोल आहे. तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, टच-अप (चऱ्यात ब्रशने रंग भरणे) किंवा पॅनेल रंगवणे हाच उपाय. शोरूमला फोटोसह लेखी कळवा, तेही स्वतः काही करण्याआधी.

जाळीसाठी ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरतानाच डोलवणारे पॉलिशिंग यंत्र), मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग म्हणजे सर्वांत बारीक पॉलिशचे चार-पाच थेंब पुरतात. सावलीत, थंड पत्र्यावर, दोन फूट चौरसात मशीन आडवे-उभे फिरवा. कडांवर थर पातळ असतो, तिथे टेप लावा. नवख्याने रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरगर फिरवणारे) धरूच नये, रंग जळतो. नुसत्या वॅक्सने ओरखडे झाकले जातात, चार धुण्यांत परत दिसतात.

पुढे कोरडी गाडी झटकणे बंद. धुताना शाम्पूची एक बादली, गाडी धुण्याचा हातमोजा खळबळायला साध्या पाण्याची दुसरी.