प्लेगच्या लशीवर लिहिताय? मसुदा कुणाकडे मंजुरीला देऊ नका

शाळेच्या स्मरणिकेसाठी प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनवर लेख लिहिताय, लस टोचल्यावर माणसं दगावल्याच्या १९०२ च्या प्रकरणाचे कागद मागितलेत, तर 'आधी लेखाचा मसुदा मंजूर करून घ्या' असं उत्तर मिळालं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. अगदी हेच वाक्य मला ऐकवलं गेलंय. तेच कार्यालय असेल असं नाही, आणि नाव मी घेणार नाही.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत हाफकिनने लस तयार करणं, १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेणं, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना टोचून पाहणं, हे तुम्हाला माहीत असणारच. ते सोडतो.

माझ्या वेळी त्यांनी प्रत्येक तारखेला 'प्रमाणित आधार' मागितला. आधार ज्या फायलीत, ती त्यांच्याच ताब्यात, आणि बाइंडिंगला गेलेली! फाइल मागावी तर मसुदा प्रलंबित, मसुद्याचं विचारावं तर आधार जोडलेला नाही. शेवटी कागद परत आला तेव्हा मुल्कोवाल गावातल्या त्या १९०२ च्या प्रकरणाच्या परिच्छेदावर तांबडी काट आणि समासात 'अप्रस्तुत'. तोवर आमचा अंक त्या परिच्छेदाशिवाय छापून झाला होता. अजून राग जात नाही.

कारण माझ्या मते (मी डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही) लेखाचा जीव तिथेच आहे. पंजाबातलं मुल्कोवाल, ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत तेव्हा नव्या पद्धतीत लशीत कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालणं बंद केलं होतं. चौकशी आयोगाने नेमकं तेच धरलं, दोष परळच्या त्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनला पदावरून दूर व्हावं लागलं. पण गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला, ही साक्ष चौकशीच्याच कागदांत होती. शिवाय बाटली उघडली तेव्हा घाण वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत असते तर वास यायला हवा होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस वगैरेंनी हे जाहीरपणे मांडलं. २९ जुलै १९०७ चं लंडनच्या 'टाइम्स'मधलं त्यांचं पत्र जरूर शोधा. त्यानंतर हाफकिन भारतात परत आला, पण कलकत्त्याला. मुंबईची खुर्ची गेली ती गेलीच.

कुणी म्हणेल, शाळेच्या अंकात मृत्यू कशाला? मी तरी म्हणेन, नुसतं 'स्वतःवर प्रयोग करणारा थोर शास्त्रज्ञ' एवढंच छापायचं असेल तर लेख न लिहिलेला बरा. लस शोधण्याइतकंच ती खेड्यात, उघड्यावर, धुळीत टोचणं अवघड होतं. मुलांना हे कळतं. तुमच्या संपादक मंडळाचं मी सांगू शकत नाही.

आता कागदांचं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश काळातल्या भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवलाय, फुकट. प्लेगचे अहवाल त्यात भरपूर आहेत. इथल्या कार्यालयात जायचंच असेल तर फक्त प्रत मागा, कशासाठी ते थोडक्यात लिहा, मसुदा हातात देऊ नका आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, तेव्हा माझं वाक्य दाखवून भांडू नका म्हणजे झालं.

जाता जाता: जागेत कुठे भर हवी असेल तर लस वाढवण्याची रीत द्या. रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे, मग ते तापवून मारायचे. वाचक यावर थांबतात. आणि १९०२ बद्दल लिहिताना 'हाफकिन इन्स्टिट्यूट' लिहू नका. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती, हाफकिनचं नाव तिला १९२५ ला मिळालं.