‘फक्त फाइल वाचता येते’ असं कंपनी म्हणते तेव्हा : नेटवर्क मॅनेजमेंट सर्व्हर आणि डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल

भाऊ, तुमचे प्रश्न दोन आहेत. चोपडा, यावल, फैजपूर, रावेर असं तुमचं ब्रॉडबँडचं जाळं. त्याचा मॅनेजमेंट सर्व्हर जळगावच्या ऑफिसात, पब्लिक आयपीवर. त्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली की त्यात डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल आहे (पाथमध्ये ‘../’ म्हणजे ‘एक फोल्डर वर’ असं लिहून ठरलेल्या फोल्डरबाहेरची फाइल मागता येणं), लॉगिनशिवाय फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. मग पॅच महिनाअखेरच्या मेंटेनन्सला लावला तर चालेल का, हा पहिला. राउटरांचे कॉन्फिग बॅकअप दाखवणाऱ्या पायथन पॅनलमध्ये तुमच्या डेव्हलपरनं ‘../’ काढून टाकणारी ओळ घातली आहे, ती पुरेशी आहे का, हा दुसरा.

दोन्हींचं उत्तर नाही. पॅनल आणि सर्व्हर बाहेरून आजच बंद करा, मग पुढचं वाचा.

एखाद्या साध्या वेबसाइटवर फाइल वाचता आली तर पानांचा सोर्स हाती लागतो. मॅनेजमेंट सर्व्हरचं तसं नाही. तो सगळ्या जाळ्याच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. प्रत्येक राउटर-स्विचमध्ये शिरायचे पासवर्ड, एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलच्या कम्युनिटी (पासवर्डवजा शब्द), एसएसएचची खासगी की, ग्राहकांचं लॉगिन तपासणाऱ्या रेडियसचं शेअर्ड सीक्रेट, डेटाबेसचा पासवर्ड, आणि वर रोज रात्री घेतलेले कॉन्फिग बॅकअप. त्या बॅकअपमध्ये सिस्कोचे टाइप ७ पासवर्ड असतील तर ते काही क्षणांत उलगडतात. सेशनवर सही करणारी गुप्त की वाचली गेली तर ॲडमिनची कुकी बाहेर बसून तयार करता येते. म्हणजे ‘फक्त वाचन’ ही पहिली पायरी असते, लिहिण्याचा हक्क दुसऱ्या पायरीवर आपोआप मिळतो.

हे तुमच्या जवळचंच आहे, कारण तुमच्या पीओपीवर (गावोगावच्या जोडणी-केंद्रांवर) मायक्रोटिक राउटर आहेत. सीव्हीई-२०१८-१४८४७ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंद क्रमांक) ही नेमकी अशीच त्रुटी होती. विनबॉक्स या मायक्रोटिकच्या व्यवस्थापन प्रोग्रामच्या ८२९१ पोर्टवर लॉगिन न करता फाइल मागता येत होती, आणि मागितली जायची ती यूजर डेटाबेसची फाइल. त्या काळच्या राउटरओएसमध्ये (मायक्रोटिकच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये) पासवर्ड उलगडता येतील अशा रूपात ठेवलेले असत. एप्रिल २०१८ मध्ये ६.४२.१ आवृत्तीत दुरुस्ती आली. तरीही त्याच वर्षी मोठ्या संख्येनं राउटरांमध्ये क्रिप्टो मायनिंगचा कोड घुसवला गेला. पीओपीवरच्या जुन्या डब्यांची आवृत्ती एकदा बघाच. ६.४२.१ पेक्षा खालची दिसली तर अपग्रेडबरोबर शेड्युलर, स्क्रिप्ट, सॉक्स, वेब प्रॉक्सी आणि स्टॅटिक डीएनएस हे पाचही तपासा. घुसलेला माणूस आपली सोय तिथेच करून ठेवतो.

पॅच लावून थांबणं का धोक्याचं, याचं सर्वांत ठळक उदाहरण फोर्टिनेटचं. सीव्हीई-२०१८-१३३७९ मध्ये एसएसएल व्हीपीएनच्या पोर्टलमधून सेशनची फाइल वाचता येत होती आणि तिच्यात पासवर्ड उघडे होते. दुरुस्ती २०१९ मध्ये आली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांचे व्हीपीएन पासवर्ड बाहेर पडले. त्यातली काही उपकरणं नंतर पॅच झालेली असू शकतात, पण पासवर्ड बदलला नसेल तर ती उघडीच, हे कंपनीनंच सांगितलं. वाचलेली फाइल पॅचमुळे परत येत नाही.

आता डेव्हलपरच्या त्या ओळीकडे. ‘../’ काढून टाकणं ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत तकलादू दुरुस्ती. कोणी ‘....//’ पाठवलं तर मधला ‘../’ निघून जातो आणि उरलेल्या तुकड्यांतून नवा ‘../’ जुळतो. गाळणी परत परत चालवली तरी दुसरे रस्ते असतातच. बिंदू यूआरएलमध्ये टक्का-२ई (%2e) असा लिहिता येतो, स्लॅश टक्का-२एफ (%2f) असा. ते टक्का चिन्ह स्वतःच टक्का-२५ म्हणून लिहिलं की दुहेरी एन्कोडिंग होतं; गाळणी एकदा उलगडते, मागचं फ्रेमवर्क दुसऱ्यांदा. सर्व्हर विंडोजवर असेल तर उलटा स्लॅशही चालतो, आणि दोन उलट्या स्लॅशनं सुरू होणारा नेटवर्क पाथ दिला तर तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या मशीनकडे लॉगिन करायला जाऊन आपल्या पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) देऊन बसतो.

एन्कोडिंगचा खेळ किती फसवा आहे ते अपाचे वेब सर्व्हरकडे बघून कळेल. २.४.४९ मध्ये सीव्हीई-२०२१-४१७७३ निघाली. ४ ऑक्टोबर २०२१ ला २.४.५० आली. त्या दुरुस्तीतून दुहेरी एन्कोडिंग निसटलं होतं, म्हणून ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. इतक्या जुन्या, इतक्या डोळ्यांखालच्या प्रकल्पाला पहिल्या फटक्यात जमलं नाही, तिथे आपण हातानं लिहिलेल्या गाळणीवर विसंबू नये.

पायथनमध्ये आणखी एक खड्डा आहे, आणि तो ‘../’ शिवायचा आहे. ओएस-पाथच्या जॉइन फंक्शनला दुसरा भाग म्हणून स्लॅशनं सुरू होणारा पूर्ण पाथ दिला, तर ते पहिला भाग सरळ टाकून देतं. बॅकअप फोल्डरचं नाव पुढे जोडलंय म्हणून आपण निर्धास्त, आणि प्रत्यक्षात उघडते भलतीच फाइल.

खरी दुरुस्ती अशी. ब्राउझरकडून फाइलचं नाव घेऊच नका. पॅनलनं फक्त उपकरणाचा क्रमांक आणि बॅकअपची तारीख घ्यावी, क्रमांक पूर्णांक आहे का ते तपासावं आणि फाइलचा पाथ डेटाबेसमधून काढावा. नाव घेणं टळतच नसेल तर आधी पूर्ण पाथ बनवा, रियलपाथनं तो शेवटपर्यंत उलगडा म्हणजे सिमलिंकसुद्धा (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) सुटतील, आणि मग तो मूळ फोल्डरच्या आतच आहे का ते बघा. ही तुलना अक्षरांच्या सुरुवातीवरून करू नका. मूळ फोल्डर ‘बॅकअप’ असेल आणि शेजारी ‘बॅकअप-जुने’ असेल, तर सुरुवात दोन्हींची सारखीच. ओएस-पाथचं कॉमनपाथ फंक्शन किंवा पाथलिबमधलं इज-रिलेटिव्ह-टू (पायथन ३.९ पासून) तुकड्यातुकड्यांनी तुलना करतं, ते वापरा. तपासलेला पाथ आणि उघडलेला पाथ एकच असू द्या. तपासून झाल्यावर पुन्हा डीकोड केलं की केलेलं सगळं पाण्यात.

पॅनलच्या पुढे एनजिनएक्स वेब सर्व्हर ठेवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या कॉन्फिगमध्ये लोकेशनच्या (यूआरएलचा भाग) शेवटी स्लॅश नाही आणि एलियासच्या (त्यासाठीचं फोल्डर) शेवटी आहे, अशी जोडी असेल तर ‘/बॅकअप../’ एवढ्यानं एक पायरी वर जाता येतं. दोन सर्व्हर एकच यूआरएल वेगवेगळं वाचतात हाही त्रास आहेच. जुलै २०२० मध्ये एफ५ कंपनीच्या बिग-आयपी या नेटवर्क उपकरणाच्या मॅनेजमेंट पानावर (सीव्हीई-२०२०-५९०२) नेमकं तेच झालं. पुढच्या अपाचेला ‘..;’ हे निरुपद्रवी नाव वाटलं, मागच्या टॉमकॅट सर्व्हरनं अर्धविरामापुढचं सोडून ते ‘..’ म्हणून वाचलं.

अपलोडची बाजू विसरली जाते. फर्मवेअरची किंवा बॅकअपची झिप-टार फाइल पॅनलमध्ये टाकायची सोय असेल तर आतल्या फाइलींच्या नावांतही ‘../’ असू शकतं, आणि उलगडताना ती कुठेही लिहिली जाते. पायथनच्या टारफाइलला ‘डेटा’ फिल्टर द्या. कॉन्फिग गोळा करायला टीएफटीपी (फाइल पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल) चालू असेल तर त्यात लॉगिन नावाची गोष्टच नाही. लिनक्सवर ‘सिक्युअर’ पर्यायानं एका फोल्डरात कोंडा आणि फायरवॉलमध्ये ६९ पोर्ट फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनला (व्यवस्थापनाच्या वेगळ्या उपजाळ्याला) ठेवा.

सॉफ्टवेअर रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून चालतंय का? बहुतेक ठिकाणी हो, कारण ट्रॅपसाठी (उपकरणांचे इशारे) १६२, सिसलॉगसाठी (त्यांच्या नोंदी) ५१४ आणि टीएफटीपीसाठी ६९ ही १०२४ च्या खालची पोर्ट लागतात, शिवाय पिंग. एवढ्यासाठी रूट नको. वेगळा यूजर करा, त्याला लहान पोर्ट बांधण्याची आणि कच्च्या सॉकेटची अशा दोनच कपॅबिलिटी (सुटे हक्क) द्या. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचं प्रोटेक्टसिस्टम अनेक जण लावतात आणि समाधान मानतात, पण ते लिहिणं अडवतं, वाचणं नाही. वाचण्यासाठी इनॲक्सेसिबलपाथ्स आणि प्रोटेक्टहोम हवं.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी बाहेरचा प्रवेश बंद (व्हीपीएनमधूनच यायचं), मग लॉग दुसऱ्या मशीनवर उतरवणं, मग पॅच, मग गुपितं बदलणं. आधी पासवर्ड बदलले तर नवेही वाचले जातील. बदलायची गुपितं म्हणजे डेटाबेस, एसएनएमपी (जमेल तिथे थेट व्हर्जन ३), एसएसएच की, सेशनची गुप्त की, एपीआय टोकन, टीएलएसची खासगी की आणि सगळे ॲडमिन. रेडियसचं सीक्रेट दोन्ही टोकांना एकाच वेळी बदलावं लागतं. मधल्या वेळात ग्राहकांचे नवे पीपीपीओई लॉगिन पडतील, म्हणून पहाटे करा. दूरच्या मायक्रोटिकवर काम करताना टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबून सेफ मोड घ्या. जोडणी तुटली तर बदल मागे फिरतात आणि रावेरला गाडी काढावी लागत नाही.

पडताळणी ब्राउझरमधून करू नका. ब्राउझर ‘../’ स्वतःच मिटवून विनंती पाठवतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक. कर्ल वापरा, त्यातही पाथ-ॲज-इज पर्याय द्या, नाहीतर कर्लही तेच करतो. बॅकअप फोल्डरच्या एक पायरी वर एक निरुपद्रवी चाचणी फाइल ठेवा आणि ती मिळते का बघा. हे स्वतःच्या सर्व्हरवरच.

मग जुने ॲक्सेस लॉग चाळा. ‘../’, टक्का-२ई, टक्का-२एफ, टक्का-५सी (उलटा स्लॅश) आणि टक्का-२५२ई शोधा, २०० (म्हणजे विनंती यशस्वी) उत्तर आलेल्या ओळी वेगळ्या काढा. पोस्ट विनंतीच्या आतला मजकूर सहसा लॉगमध्ये येत नाही, म्हणून काही सापडलं नाही म्हणजे झालंच नाही असं धरू नका, गुपितं तरीही बदला. घुसखोरी दिसली तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे आणि १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत. म्हणूनच लॉग आधी दुसऱ्या मशीनवर उतरवायचे, मग सर्व्हरला हात लावायचा. संशयास्पद ओळी इथे टाकायच्या असतील तर ग्राहकांचे आयपी आणि यूजरनेम झाकून टाका, म्हणजे एकेक ओळ बघता येईल.