फुकटची मिसळ हीसुद्धा जाहिरातच

खाण्यापिण्याच्या रील्स करायला लागलास, छान. थोडे फॉलोअर वाढले की हॉटेलवाले स्वतःहून मेसेज टाकतील, "या ना एकदा, बिलाचं बघू नका." जा, खा, पण व्हिडिओत तसं सांग. पैसे घेतले तरच जाहिरात, हे डोक्यातून काढ. फुकट जेवण, गिफ्ट, रिसॉर्टचा मुक्काम, सगळं त्यातच येतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्येच हे स्पष्ट केलंय. दिशाभूल ठरली तर १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरी गोम आहे ती हे कुठे सांगायचं यात. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी 'ॲड' चिकटवणं ही निव्वळ धूळफेक. पडद्यावर ठळक लिही आणि तोंडानेही बोल: "ही मिसळ हॉटेलने खिलवली आहे." लोक पळत नाहीत. उलट "तर्री पाणचट होती" असंही बिनधास्त म्हणालास, तर पुढच्या वेळी तुझं ऐकतात. मालक म्हणेल, "तेवढं कट करा ना दादा." नाही म्हणायचं, हसून.

सट्ट्याच्या ॲपवाल्यांचेही मेसेज येतील, आकडाही मोठा असेल. उत्तरसुद्धा देऊ नकोस. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात २०२५ च्या कायद्याने गुन्हा आहे.